बाजारात काढलेली दाढ

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग जात नाही. गाठीनं गेली असतीस तर मी गप्प बसले असते. पण गाठ विरघळली होती. तू गेलीस ती एका दाढेपायी.

तुझ्या नाकातून रक्त यायला लागलं, एक कान बंद झाला, मानेत गोळा आला. धावडा गावातल्या वैद्याचे लेप लावून झाले, तेव्हा आबांनी बैलगाडी जुंपली आणि आपण तिघं जालन्याहून रेल्वेनं हैदराबादला गेलो. डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिलं. नाकाच्या मागं गाठ आहे, विजेचा शेक द्यावा लागेल, म्हणाले. ते उर्दूत बोलत आणि आबा तुला मराठीत सांगत. ‘त्याच्या आधी किडक्या दाढा काढायच्या म्हनतेत. विजेनं गाठ जळती, पन जबड्याच्या हाडातला जीव बी कमी होतो. मंग दात काढला तर जखम भरत न्हाई.’ तू पदर तोंडाला लावलास. ‘पोरीचं लगीन तोंडावर आलंय. इहिणीपुढं बोळकं घेऊन बसू का?’ लग्न माझं होतं. मी म्हणाले, ‘लगीन पुढं ढकलू की.’ तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी काही अभद्र बोलले. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि दाढा तशाच ठेवून शेक दिला. मानेची कातडी काळी पडली, तोंडातली लाळ आटली, पण गोळा गेला. निघताना त्यांनी तुलाच बजावलं, ‘अम्मा, मिसरी बिलकुल बंद. बिजली लेने के बाद तंबाकू और खराब. दाँत दुखे तो यहाँ आना, बाहर नक्को निकालना.’ तू मान डोलावलीस. आणि परतीच्या गाडीत, जालना यायच्या आधीच, तू मिसरीची डबी उघडतेस. मी हात धरते. तू म्हणतेस, ‘तोंड लाकडावानी कोरडं पडलंय. जरा बरं वाटतं.’

लग्नात तू सगळ्या दातांनिशी हसत होतीस. छान दिसत होतीस. त्याचाही मला राग येतो.

पुढं कापूस वेचणीच्या दिवसांत दाढ ठणकायला लागली. आबा म्हणाले, हैदराबादला जाऊ. ‘दाढंसाठी कुनी हैदराबादला जातं व्हय?’ म्हणून तू भोकरदनच्या बाजारात चटई टाकून बसणाऱ्या माणसाकडून ती उपटून घेतलीस आणि गालात बोळा धरून माझ्या सासरी आलीस. ‘काढली एकदाची,’ म्हणालीस. मी चुलीपुढून उठले नाही. उठले असते तर सासूदेखत ओरडले असते.

जखम भरली नाही. हाड उघडं पडलं, पुढं गालालाच भोक पडलं. जबडा इतका आवळला, की चमच्यानं पाजलेली आंबील निम्मी पदरावर यायची. तेव्हा रझाकारांची धामधूम होती, आबांची तुला रेल्वेनं न्यायची हिंमत झाली नाही. भेटायला येईल त्याला तू सांगायचीस, ‘विजेनं माझा जबडा खाल्ला.’ त्यात खोटं काही नव्हतं, पण किडकी दाढ, मिसरी, तो बाजार, यातलं काही तुझ्या तोंडून कधी निघालं नाही. तुझ्या धाकट्या बहिणीलाही तू एवढंच सांगितलंस.

काही वर्षांनी मावशीच्या जिभेला गाठ आली. ती दवाखान्यात जाईना. ‘मला तुझ्या मायसारखं मरायचं न्हाई,’ म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती खवळली. ‘मेलेल्या मायची चुगली करून राह्यली का?’ माझ्याशी बोलायची बंद झाली, पण दवाखान्यात गेली. आधी दाढा काढून घेतल्या, मग शेक घेतला, आणि चांगली म्हातारी होऊन मेली.

म्हातारपणी ती फार हट्टी झाली होती. मावसबहीण माझ्याकडं येऊन कुरकुरायची, आई औषध घेत नाही, कुणाचं बिलकुल ऐकत नाही. मी बहिणीची समजूत घालायचे. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते, माय. तिची ती कुरकुर ऐकताना मला तिचा हेवा वाटायचा.