चाळीस फुटांवरचा तक्ता

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवते. ज्या टेबलावर मी हे मृत्युपत्र लिहीत आहे त्याचा एक पाय आखूड आहे, आणि त्याखाली वर्षानुवर्षे सारलेला पुठ्ठा आज सकाळी मलाच काढून घ्यावा लागला. त्यामुळे प्रत्येक वेलांटीला टेबल डुलते. पुढे कोणी वाकडे अक्षर दाखवून "बाईंचा हात थरथरत होता, बाई भानावर नव्हत्या" असे म्हणू लागल्यास त्याला टेबल दाखवावे. पुठ्ठा कुठे गेला ते शेवटी सांगेन.

मी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा चष्मे करण्याचा, नवरा हयात नाही, एक लेक, ती परगावी. पूर्ण शुद्धीत, पोटभर न्याहारी करून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे (सांगणाऱ्यांचे मी कधी ऐकलेले नाही), माझ्यामागे कोणाला काय द्यावे ते लिहून ठेवते.

कलम पहिले. आधीचा कागद रद्द. साथीच्या दुसऱ्या महिन्यात, दुकानाला कुलूप असताना, मी अंथरुणात पडून तीन ओळी लिहिल्या होत्या: "सगळे लेकीला. कोणाला दोष नाही. पडदा उघडू नये." त्यावर साक्षीदार नव्हते. तेव्हा कोणी कोणाकडे जात नव्हते, आणि मला कोणी यायला नकोच होते. तो कागद आणि त्यातली घाई, दोन्ही मी मागे घेते.

कलम दुसरे. राहते घर लेकीला. सोबत एक कबुली. ती रोज फोनवर विचारायची, "आई, जेवलीस का?" मी म्हणायचे, "हे काय, आत्ताच ताट उचललं." एकोणीस दिवस मी न वाढलेले ताट उचलत होते. बाळा, तुझ्यावर तशी वेळ आली तर ताट उचलू नकोस, कोणाला तरी खरं सांग. कपाटात गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडतील, ती लपवू नयेत. मनाच्या डॉक्टरांनी दिल्या, सात महिने घेतल्या. तीस वर्षे मी लोकांच्या नाकावर काचा चढवल्या, एकानेही लाजून तोंड लपवले नाही. मग या पाकिटांनीच काय पाप केले आहे?

कलम तिसरे. आरामखुर्ची खालच्या शिंप्याला. न विचारता तो तिच्यात बसतोच, आता हक्काने बसेल.

कलम चौथे. वडिलांची भिंगांची पेटी. नजर तपासायची सव्वादोनशे भिंगे, मखमली खाचांत. हिच्यावरूनच माझे आणि धाकट्या भावाचे फाटले. तो म्हणाला, "ताई, अर्धी अर्धी करू." मी म्हणाले, "अर्ध्या पेटीनं माणूस अर्धाच दिसतो," आणि पेटी ठेवून घेतली. त्याने वेगळे दुकान काढले. उद्घाटनाच्या दिवशी, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, मी रस्त्यातून ओरडले, "याच्याकडून चष्मा घ्या आणि खांबाला आदळा!" तिथून अबोला; साथ आली तेव्हा त्याला अकरा वर्षे झाली होती. राहतो समोरच, गल्लीपलीकडे. खिडकीसमोर खिडकी, मध्ये चाळीस फूट.

साथीतल्या त्या एकोणीस दिवसांनंतर, विसाव्या दिवशी पडद्याच्या फटीतून ऊन डोळ्यावर आले म्हणून मी पडदा घट्ट ओढायला उठले. समोरच्या खिडकीत त्याने नजर तपासायचा तक्ता टांगला होता. हाताने काढलेला, आणि चुकीचा! वीस फुटांची अक्षरे चाळीस फुटांवर! मी पडदा ओढायचे विसरले. दुसऱ्या दिवशी अक्षरे मोठी झाली, पण एक ओळ उलटी. तिसऱ्या दिवशी पाचातले एक अक्षर फुगलेले. चौथ्या दिवशी मी खिडकी उघडली.

"अरे गाढवा, बाबांनी हेच शिकवलं का तुला? अक्षरं सारखी काढ!"

त्याने कानाला हात लावला. "काय? ऐकू येत नाही, ताई!"

इतके मोठ्याने ओरडायचे तर अंगात त्राण हवे, म्हणून पाचव्या दिवशी मी आधी चहा-पोळी खाल्ली. सहाव्या दिवशी अंघोळ केली, कारण समोरून दिसते. असे एकसष्ट दिवस. रोज नवा तक्ता, रोज नवी चूक. मधल्या एका दिवशी आवाज चढलेलाच होता, तर लेकीला फोन करून खरे सांगून टाकले. डॉक्टर तिनेच शोधले.

पुढे साथ ओसरून गल्ली सुरू झाली, तक्ता उतरला, आणि आमची तोंडे पुन्हा मिटली. दोन वर्षे मी सगळीकडे सांगत फिरले की भावाला धंदा येत नाही.

गेल्या महिन्यात भावजय माझ्या दुकानात आली, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून. जिचा नवरा चष्मेवाला, ती स्क्रूसाठी माझ्याकडे!

म्हणाली, "एक सांगू? तुमचा पडदा एकोणीस दिवस हलला नव्हता, आमचे हे मोजत होते. मी तेव्हा आतल्या खोलीत तापानं फणफणले होते. यांनी माझा काढा करायचा, दाराशी ठेवायचा आणि मोजपट्टी घेऊन बसायचं. बरोबर तक्ता दहा मिनिटांत होतो हो. चूक शोधण्यात यांची दुपार जायची. मी दाराआडून म्हटलं, नीट काढा की एकदा. तर म्हणाले, नीट काढला तर ती पडदा ओढून घेईल."

मी स्क्रू घट्ट करून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

लोकांच्या नजरेतले दोष शोधण्यात माझा जन्म गेला. माझ्यासाठी कोणी एकसष्ट दोष मोजूनमापून घडवले, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि ते मला चाळीस फुटांवरून दिसले नाहीत. मी अजून त्या खिडकीकडे बघते आणि तोंडात शब्द येत नाही. माझ्या तोंडाची ख्याती पाहता हे नोंदवण्याजोगे आहे.

पेटी भावाला, अख्खी, आणि मी मरायची वाट न बघता. अबोला, वय तेरा वर्षे, कोणालाच देत नाही.

साक्षीदार एक: खालचा शिंपी. (वाचून म्हणाला, "बाई, हे मृत्युपत्र आहे का भांडण?" सही मात्र केली.)
साक्षीदार दोन: मनाचे डॉक्टर. मी शुद्धीत असल्याचे त्यांनी वेगळे लिहून दिले आहे, जरा हसत.

सही केली. राहत्या घरी, खिडकीजवळ, सोमवार, सकाळचे साडेदहा.

पुठ्ठ्याचे राहिले. त्यावर मी पाच अक्षरांची एक ओळ काढली, चाळीस फुटांच्या मापाने, आणि साक्षीदार जिना उतरल्यावर खिडकीत टांगली. चौथे अक्षर जरा बारीक ठेवले.

समोरची खिडकी उघडली आहे.

"ताई! चौथं अक्षर चुकलंय!"

मी कानाला हात लावला आहे.