बंद इंजिनावर मोजलेलं तेल

मी, शाहेर अवाद अल-मोमनी, वय वर्षे बहात्तर, धंदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती, राहणार बयादिर, अम्मान, अल्लाहला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पत्नी नजाह हिने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "डॉक्टर तुमच्याशी किती वेळ बोलले? पाच मिनिटं? मग बरोबर आहे."

कलम १. राहतं घर, अजलूनची ऑलिव्हची झाडं आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे नजाह आणि आमचा एकुलता मुलगा नवाफ यांच्यात वाटली जाईल. इथे माझं वक्तृत्व चालत नाही, तेच बरं. शिवाय, लग्नाच्या पहिल्या वर्षी नजाहच्या स्वयंपाकघरातून ऑलिव्हच्या तेलाचं नरसाळं मी गिअरच्या तेलासाठी उचललं होतं. ते तिला परत देण्यात येत आहे. त्यातून खाण्याचं तेल ओतू नये.

कलम २. नवाफ कुवेतमध्ये विजेच्या गाड्या विकतो. ज्या गाडीचं तेल हुंगावं लागत नाही, तिच्यात आणि फ्रिजमध्ये मला फरक दिसत नाही. "बाबा, वर्कशॉप विकून टाका, जग बदललंय," असं तो दर फोनवर म्हणतो. जग बदलावं म्हणून मी चाळीस वर्षं भाषणं केली. ती लिहिलेल्या अकरा वह्या त्याला देत आहे. त्याने एक तरी वाचावी.

कलम ३. पुस्तकांची तीन कपाटं मेकॅनिकांच्या संघटनेच्या सभागृहाला. पानं फाडून तेल मोजायची पट्टी पुसल्यास कपाटं परत घ्यावीत.

कलम ४. जो माणूस वारस नाही त्याला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देण्याची मुभा कायद्याने दिली आहे. वर्कशॉप तेवढ्यात बसतं. ते हत्यारांसह रुदैना हिला मिळावं. ती माझ्या मेहुण्याची, मुंझिरची मुलगी. त्याचं तेलाचं दुकान माझ्या समोरच आहे आणि तेवीस वर्षं आम्ही बोलत नाही. तरी आठ वर्षांपूर्वी इंजिनिअर होऊन ती रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "आतोबा, भांडण तुमचं आणि बाबांचं. गिअरबॉक्सने काय केलंय?" मी तिच्या हातात पाना दिला.

तिच्यासाठी अटी अशा. तेल बघायचं ते गाडी सपाट जागी उभी करून, थोडी चालवून आणल्यावर, तेल गरम असताना. ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या गिअरमधून फिरवायचा, मग पार्किंगवर आणायचा. इंजिन चालूच ठेवायचं. पट्टी काढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, परत घालायची, मगच वाचायची. तेल लालसर हवं. तपकिरी होऊन जळका वास आला तर खर्च सांगण्याआधी गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्यावी. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ज्या गाडीला पट्टीच नाही तिथे रुदैनाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी इथे लिहून देतो. तोंडाने कबूल करणार नाही.

आणि तेल निवडायचं ते गाडीच्या पुस्तकात छापलेल्या खुणेप्रमाणे, रंग बघून नव्हे. लाल रंग वरून घातलेला असतो. लाल रंगावर विसंबून माणसं तेलातही फसली आणि राजकारणातही.

कलम ५. मुंझिरच्या दुकानावर 'एकच तेल, सगळ्या गाड्यांना' अशी पाटी आहे. ती खोटी आहे, हे माझं मत मेल्यावरही कायम राहील.

कलम ६. आता जे सांगायचं आहे ते पाच ओळींत मावणारं असूनही तेवीस वर्षं मी टाळलं आहे.

१९९६ साली संघटनेच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी हिकमत मास्तरांच्या पांढऱ्या गाडीचं तेल मी बदलत होतो. तेल मुंझिरने स्वतः आणून दिलं होतं, पुस्तकातल्या खुणेचंच. दारात चाळीस मेकॅनिक जमले होते. मी पट्टी हातात घेऊन बोलत होतो. मुंझिर म्हणाला, "दाजी, इंजिन चालू करून बघा."

मी म्हणालो, "इंजिन चालू केलं तर माझं ऐकणार कोण?"

सगळे हसले. बंद इंजिनावर पट्टी भरलेली दिसली. तेल कमी असलं तरी ती तशीच दिसते, हे मी शेकडो पोरांना शिकवलं होतं. तेल कमी पडलं आणि आठवड्यात मास्तरांचा गिअरबॉक्स जळला. तोवर मी निवडून आलो होतो. भर सभेत मी मुंझिरच्या तेलाला विष म्हणालो. मला वाक्य चांगलं जमलं होतं.

मुंझिरने वाद घातला नाही. त्याच्याकडे त्याच मॉडेलची हिरवी गाडी होती. तिचा गिअरबॉक्स काढून त्याने मास्तरांना दिला आणि तो हिवाळा पायी काढला. तेव्हापासून नजाह ईदला भावाकडे एकटी जाते. तिने मला कधी कारण विचारलं नाही. तिच्या उरलेल्या ईदींसाठी हे लिहीत आहे. चूक माझी होती. तेल निर्दोष होतं.

कलम ७. मुंझिर वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. म्हणून साक्षीदार तोच हवा. हे कलम मी आज सकाळी त्याच्या दुकानात बसून लिहीत आहे. त्याने कॉफी दिली. मागणं मान्य होईपर्यंत पाहुण्याने कपाला ओठ लावायचा नसतो, म्हणून मी ती खाली ठेवली.

"काय मागायला आलात?" त्याने विचारलं. मी कागद पुढे सरकवले.

त्याने चष्मा लावला. पाचव्या कलमावर हसला. सहावं वाचलं. मग चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

"दाजी," तो म्हणाला, "कॉफी प्या. थंड होतेय."

प्यायलो. साखर नव्हती, गोड लागली. येत्या ईदला नजाहबरोबर मीही जाणार आहे. आधी मेलो तर तिला पोचवायला रुदैनाने यावं, माझ्या गाडीतून, तेल बघून.

स्थळ : बयादिर, अम्मान
दिनांक : १२ नोव्हेंबर २०१९

सही : शाहेर अवाद अल-मोमनी

साक्षीदार १ : हिकमत अल-खस्सावना, निवृत्त शिक्षक. (शेरा : हिरव्या गाडीचा गिअरबॉक्स अजून चालतो.)

साक्षीदार २ : मुंझिर रशीद अल-अजलूनी, तेलविक्रेता. (शेरा : सगळं वाचलं. पाटी उतरवणार नाही.)