उन्हाळ्याचं टू-टी

११ एप्रिल
कॉम्प्युटर पुन्हा बंद. निळा स्क्रीन. लग्नपत्रिका अर्धी झाली होती, गेली. प्रशांत असता तर "सरक वं" म्हणत खुर्ची ओढून बसला असता. त्याला जाऊन दोन महिने झाले, आणि या मशीनलाही मरायचं आत्ताच सुचलं.

१४ एप्रिल
बेसाहून धाकटे दीर आले.
"वहिनी, रॅम गेली. नवीन टाकून देतो. काहून त्रास करून घेऊन राहिल्या?"
नको म्हटलं. रॅम प्रशांतने निवडलेली. न जेवताच गेले. जाऊ देत.

१९ एप्रिल
स्वतःच शोधलं. सेटिंगमध्ये दिसलं, कमांड रेट: वन-टी. वाचून कळलं ते असं: रॅमला, म्हणजे मेमरीला, आधी हाक मारायची, मग काम सांगायचं. वन-टी म्हणजे हाकेनंतर एका ठोक्यात काम. टू-टी म्हणजे दोन ठोके थांबायचं. वन-टी जरासं वेगवान, पण मेमरीला उसंत कमी. तापली की चुकते. एवढ्याशा वेगासाठी हा सगळा खटाटोप! वेडा होता.

२३ एप्रिल
कूलरला नवीन वाळा लावता लावता आठवलं. दरवर्षी कूलर लावून झाला की हा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायचा. मी ओरडायचे, टाकी कोण भरणार?
"थांब ना वं, याचाबी उन्हाळा लावून राहिलो."
मला वाटायचं, कामचुकारपणा. करत होता ते उन्हाळ्याचं टू-टी. दिवाळीनंतर कूलर काढला की परत बसायचा. तेव्हा हिवाळ्याचं वन-टी.
यंदा कूलर लावायच्या आधीच तो गेला. उन्हाळा कोण लावणार?
वाळा तसाच टाकून रडले. खूप.

२४ एप्रिल
दिरांना फोन केला, सांगितलं.
"मग करून टाका ना टू-टी. दोन मिनिटांचं काम."
हो. पण ते वन-टी त्याच्या हातचं आहे. शर्ट सासूबाईंनी वाटून टाकले. चपलाही. त्याने ठेवलेलं, जसंच्या तसं असं घरात आता तेवढंच…

२८ एप्रिल
आणखी एक पत्रिका गेली. नवरीचे वडील फोनवर चिडले, बरोबरच आहे त्यांचं.
टू-टी केलं. बदल ठेवू का, विचारलं मशीनने. हो दाबलं.

२९ एप्रिल
दिवसभर एकदाही बंद पडला नाही. पत्रिका पूर्ण, पाठवली. बंद पडावा असं वाटत होतं मला. निदान एकदा.
दिवाळीनंतर कूलर काढला की परत वन-टी करायचं असतं. ते मी करीन की नाही, कोण जाणे.