मामांच्या काढ्याचे चौदा साक्षीदार

ती. शंकरमामांना दौंडहून अनुपमाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असेल आणि शिरूरच्या मार्केट यार्डात तुमचा आवाज पूर्वीसारखाच घुमत असेल, असं धरून चालते. आम्ही मजेत आहोत (आई सोडून, तिच्याकडे येतेच). पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून मी सध्या एक नवं शास्त्र शिकतेय. एखाद्या औषधावर जगभर झालेले प्रयोग शोधायचे, कच्चे बाजूला काढायचे आणि उरलेल्यांवरून औषध खरंच लागू पडतं का ते ठरवायचं. ही निवड दोघांनी एकमेकांना न दाखवता करायची. (दुसरे तुमचे जावई विश्वजीत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कागदात डोकावून तशाच खुणा केल्या आणि वर "संसारात एकमत पाहिजे" म्हणाले.) तरी मी यात आता चांगलीच तयार झालेय, हे अभिमानाने सांगते.

सरावाला घेतला तुमचा साखरेवरचा सात झाडांच्या पाल्याचा काढा. कुठल्याच मासिकात त्याचा मागमूस नाही, म्हणून माणसांकडे वळले. शिरूर-दौंडात छातीठोकपणे सांगणारे चौदा जण भेटले! मी तर निकाल लिहायलाच बसले होते. पण एकच रोगी पुन्हा पुन्हा मोजला जात नाही ना, हे बघायचं असतं. म्हणून वाणी हौशीरामना विचारलं, साखर कुणाची उतरली? म्हणाले, "माझी न्हाई ओ, मला कुठं साखर हाय! पाबळच्या लग्नात शंकररावांनी सांगितलं, तवापास्नं मी समद्यांना सांगतोय." बाकीचेही फिरून फिरून तुमच्याच दारात आले. साक्षीदार चौदा, रोगी एक.

तुमची भाची,
अनुपमा

ता. क. : त्या काढ्याच्या भरवशावर आईने साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. काल ती भिंत धरून चालत होती. मला फार भीती वाटते, मामा.

आणखी ता. क. : मामींना विचारलं. तुम्ही गोळी एक दिवसही चुकवलेली नाही, काढा वरून घेता. लग्नात तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

शेवटचा ता. क. : आईला माझं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दादा खोटं बोलंल व्हय?" पत्र विश्वजीतच्या हाती पाठवलंय. तुम्ही या ओळीपर्यंत आलात, की आईला फोन लावून तुमच्या हातात द्यायला त्यांना बजावलंय. घ्या.