एकाच वाराची साक्ष

भंतेजी, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आता तुमच्यावर पुस्तिका निघते आहे. विहाराच्या कमिटीने फ्रीगंजच्या छापखान्यात कागदसुद्धा पसंत करून टाकला. ज्याला तुम्ही आयुष्यात एकदा जांभई देताना दिसला असाल, तोही तुमच्यावर लेख लिहून बसलाय. माझ्याकडून दोन पानं मागितली आणि विषयही त्यांनीच दिला: भंतेजी कधी खोटं बोलले नाहीत. "ताई, ठाण्यातला किस्सा तुम्हीच लिहा ना, तुमच्यासमोर घडलेला आहे," असं अध्यक्ष टावर चौकात मला रस्त्यात अडवून म्हणाले. ती दोन पानं मी लिहून दिली आहेत. हे जे आता लिहिते आहे ते छापायला नाही.

माझे वडील तुम्हाला त्या दिवसाच्या आधीही माहीत होते, पण त्यांच्या आवाजावरून. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आलेला माणूस, पौर्णिमेला कॉलनीत वंदना म्हणायला त्यांच्याशिवाय दुसरा कुणी चालायचा नाही. काय गळा होता! 'पाणातिपाता', म्हणजे हिंसा न करण्याचं शील, म्हणताना डोळे मिटायचे, बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच गळ्याने घरी येऊन आईला शिव्या द्यायचे. मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचे, काच फुटू नये म्हणून. दारू पीत नव्हते, म्हणजे तेही निमित्त नाही. घड्याळ काढलं की आई पदर खोचून भिंतीला पाठ लावून उभी राहायची, कारण पाठीवरचं आधीचं बरं झालेलं नसायचं. मी शिकत बसल्यासारखी पुस्तकात तोंड घालायची. पट्टा अंगावर पडल्याचा आणि पट्टा भिंतीवर पडल्याचा आवाज वेगळा असतो, हे मी वाचायला शिकण्याच्या आधी शिकले. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. बी.ए. चालू होतं आणि दुपारी भैरवगडला चादरी छापायच्या कारखान्यात कामाला जायची. लाकडी ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने एक ठोसा द्यायचा. दिवसाला शेकडो ठोसे. माझा उजवा हात तेव्हा पुरुषासारखा झाला होता. मोठे ठप्पे मधूनमधून घासून, तेल पाजून ठेवावे लागतात, म्हणून त्यातला एक, चांगला दोन हातांनी उचलावा असा, मी घरी आणला होता. त्या दिवशी बाबांची सुट्टी होती. अकराच्या सुमाराला ते जेवायला बसले, वरणात मीठ नव्हतं. त्यांनी उठून घड्याळ काढलं. आईचा हात धरला आणि उंबरठ्यावर ठेवून वर पाय दिला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. आई ओरडली नाही, नुसती खाली बसली, आणि बाबा परत पाटावर बसून वरणात मीठ घालायला लागले. मीठ घालायला लागले, भंतेजी! मी मागून गेले आणि ठप्पा दोन्ही हातांनी त्यांच्या कानामागे घातला. ते ताटात पालथे पडले. रक्त आधी वरणात उतरलं, मग फरशीवर.

मी तशीच धावत सुटले. रेल्वेलाइन ओलांडून तुमच्या दोन खोल्यांच्या विहारात आले तेव्हा तुम्ही भिक्षापात्र पुढे घेऊन बसत होता. भिक्खूचं जेवण बाराच्या आत, एकदा बारा वाजले की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पोटात अन्न नाही, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी कुठलं भान. माझ्या कुडत्यावर डाग होते. "बाबांना मारलं मी," मी म्हणाले, "मेले बहुतेक." तुम्ही विचारलंत, "किती वेळा मारलंस?" हे कशासाठी विचारलंत मला अजून समजलेलं नाही. मी म्हणाले, "एकदा." तुम्ही पात्रावर झाकण ठेवलंत, चीवर खांद्यावर नीट केलंत आणि माझ्या पुढे चालायला लागलात.

बाबा मेले नव्हते. डोक्याला आईची साडी गुंडाळून दारातच बसले होते आणि हातात रेल्वेचा लोखंडी पाना होता. मला बघितल्याबरोबर उठले. "सरका भंतेजी, या पोरीला आज जित्ती सोडत नाही मी." तुम्ही सरकला नाहीत. पहिला पाना तुमच्या खांद्यावर बसला, पुढचे दोन बरगड्यांवर. तुम्ही हात वर केला नाहीत, डोकंसुद्धा झाकलं नाहीत. एवढंच म्हणालात, "आधी माझं होऊ द्या. मी कुठं जात नाही." त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला वाटत होतं, याने अजून मारावं. असं मारावं की तुम्ही उठूच नये आणि हा फासावर जावा. तुम्ही माझ्यासाठी मार खात होता आणि मी तुमच्या मरणाची वाट बघत होते. शेजारच्यांनी येऊन बाबांना धरलं तेव्हा तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात. मी तुमचा दंड पकडला. बाईने भिक्खूला हात लावायचा नसतो हे विसरले. "सोड," तुम्ही म्हणालात, "आईकडं बघ."

आई उठली होती. मोडका हात पोटाशी धरून तिने एका हाताने तुमच्यासाठी ताट वाढलं. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नसेल. "भंतेजी, दोन घास खाऊन घ्या ना, माझ्या घरी उपाशी नका राहू." फळीवरचं बाबांचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. तुम्ही तळहात पुढे करून नाही म्हणालात. एवढं दुखत होतं की कारण सांगण्याइतका श्वास तुमच्याकडे नव्हता. आणि आयुष्यभर विहारात दान दिलेली माझी आई, बाराचा नियम मला जिने शिकवला तीच आई, त्या गडबडीत तो नियम विसरली. तिला वाटलं, रक्त सांडलेल्या घरचं अन्न तुम्हाला चालत नाही. ती ताट घेऊन मोरीपाशी गेली आणि तिथे पहिल्यांदा रडली. मनगट मोडलं तेव्हा रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीला पट्टे बांधून, पावलापावलाला थांबत तुम्ही आमच्या दारात पात्र घेऊन उभे राहिलात. तिने डाव्या हाताने भात वाढला. पुढे मरेपर्यंत ती एवढंच सांगायची, की भंतेजी आले होते, आपण होऊन आले होते.

पण मधे ठाणं राहिलं. त्या दुपारी बाबाच आधी पोचले आणि माझ्या नावाने रिपोर्ट लिहायला बसले. मग आम्हाला बोलावणं आलं. दरोगा जाडजूड, पानाने तोंड भरलेलं. बाबा त्याला सांगत होते, "साब, इसने दो बार मारा. मैं गिर गया था, तब भी मारा." दरोगा माझ्याकडे बघून म्हणाला, "गुस्से में एक हाथ चल गया तो समझ में आता है. गिरे हुए आदमी को मारा, तो वो जान लेने का इरादा है. सीधी जेल." मी तुमच्याकडे बघत होते. बाबा मोरीत घसरून पडले असं म्हणा, एवढंच मी डोळ्यांनी मागत होते. सगळी कॉलनी तेच म्हणायला तयार होती. दरोगाने तुम्हाला खुर्ची दिली. "महाराज, आप बताइए." तुम्ही बरगडी दाबून धरत हिंदीत सावकाश सांगितलंत, "मैंने देखा नहीं. लड़की ने खुद मुझे बताया. उसने मारा है, एक बार मारा है." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या पायाशी धावत आलेल्या पोरीला तुम्ही चार लोकांत पोलिसांच्या हवाली करत होता! तेव्हा हातात ठप्पा असता तर तुमचंही डोकं फोडलं असतं.

पुढे मात्र उलटंच झालं. दरोगाने विचारलं, "और आपको किसने मारा?" तुम्ही बाबांकडे न बघता म्हणालात, "इन्होंने. और अपनी पत्नी को भी." बाबा ओरडायला लागले तसा दरोगाने टेबलावर दंडा आपटला. "चुप! जो महाराज अपनी ही लड़की के खिलाफ सच बोल दे, वो तेरे बारे में झूठ बोलेगा क्या?" त्या एका वाक्यावर आमचं आयुष्य फिरलं. शेजारच्या काकूंनी आईची पाठ उघडी करून दाखवली. आईला विचारलं तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा तिने तोंड उघडलं आणि मग ती थांबेना, कोणता वळ कोणत्या दिवाळीचा हे सांगत सुटली. बाबा एकसारखे म्हणत होते, "दो बार, साब, दो बार." कुणी ऐकलं नाही. डोक्यावर जखम एकच होती. संध्याकाळच्या आत समझोता लिहून झाला: बाबांनी गावी भावाकडे राहायचं, माझ्यावर केस नाही. ते गेले, ते परत आले नाहीत. मी बी.ए. झाले, सरकारी शाळेत लागले, माझं लग्न झालं, मला मुलगी झाली. त्यांतलं एकही जेलमधून झालं नसतं.

एवढं होऊनसुद्धा मी दोन महिने तुमच्याशी बोलले नव्हते. आणि नंतर बोलले तेही उपकार मानायला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, माझी मुलगी सात वर्षांची असताना मी तिला लाकडी पट्टीने इतकं बडवलं की पट्टी मोडली. पाढा चुकली होती. मारायच्या आधी मी बांगड्या काढून ठेवल्या होत्या. ते माझं मलाच दिसलं आणि मी तुमच्याकडे आले. तुम्ही समजूत काढली नाहीत. म्हणालात, "बाप गावाला गेला, हात मात्र इथंच ठेवून गेला की तुझ्याजवळ." मला तुमचा इतका राग आला की मी चप्पल न घालताच निघाले. तुम्ही मागून हाक मारली. "आम्ही भिक्खू पौर्णिमेला एकमेकांसमोर बसून आपली चूक तोंडाने सांगतो. तुला हा नियम नाही. पण तू येत जा. किती वेळा हात उचललास ते मला सांगत जा. मी काही म्हणणार नाही."

मी आले. अकरा वर्षं, दर पौर्णिमेला. पहिल्या महिन्यात चौदा थपडा, एकदा लाटणं, एकदा केस धरून भिंतीवर. तुम्ही ऐकायचात आणि मान हलवायचात. सांगायची लाज वाटायची म्हणून हात थांबायला लागला, मन काही एवढ्यात सुधारलं नाही. मुलीने हातातलं दूध सांडलं की आजही माझ्या बोटांना मुंग्या येतात, आणि ती आता चाळिशीला आली. पण चौदाचे पाच झाले, पाचाचे दोन, मग एका पौर्णिमेला मी म्हणाले, "या महिन्यात काही नाही," आणि तुम्ही हसलात. तिची पाठ स्वच्छ आहे, भंतेजी. तिच्या लग्नात मी तिला हळद लावली तेव्हा पाठीवर कुठेही काही नव्हतं. आमच्या घरात अशी पाठ असलेली ती पहिली बाई. हे तुमचं देणं आहे, आणि मी तुमच्यासमोर हात जोडून ते कधी बोलले नाही, कारण तुमच्यासमोर हात जोडले की मला दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटायचं.

अकरा वर्षांच्या पौर्णिमा, एकेक थप्पड मोजून सांगितली, आणि तेवढं सांगितलं नाही. बाबा ताटात पालथे पडल्यावर मी थांबले होते. श्वास घेतला. राग तेव्हा उतरला होता, खरंच उतरला होता. ते हात टेकून उठायला बघत होते. ठप्पा कारखान्याच्या मालकाचा होता, नक्षी तुटली असती तर तो ओरडला असता, म्हणून मी तो फिरवून सपाट बाजू खाली केली, आणि मग पुन्हा मारलं. डोक्यावरच नेम होता. ते हलले म्हणून मानेखाली पाठीवर बसला, म्हणून जखम दिसली नाही. आईने बघितलं होतं. तीही काही बोलली नाही.

म्हणजे त्या दिवशी ठाण्यात माझ्या हातून काय झालं याबद्दल पूर्ण खरं बोललेला माणूस एकच होता, आणि तो माझा बाप. तुमच्या शीलाला यात काही बाधा येत नाही, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही सांगितलंत. कमिटीचा विषय बरोबरच आहे. पण तुमच्या तोंडून आयुष्यात जी एक खोटी गोष्ट गेली, ती मी घातली होती, आणि तिच्याच जोरावर आम्ही सगळ्या जगलो. काल लेखाचं प्रूफ तपासायला घरी आलं. दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. 'एकदा' तसंच ठेवलं.