स्तानिया नावाची चौथी मुलगी

२ सप्टेंबर

वेरिकाने आज मला कूमा केलं. तिच्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरायचं, आणि नाव मीच उच्चारायचं. मुलगी आहे, नोव्हेंबरअखेर येईल. त्रेचाळिसाव्या वर्षी, तीन वेळा पोटातच गमावल्यानंतर.

"आई मी, पण नाव तुझं," ती म्हणाली. मग लगेच, "म्हणजे अगदी तुझंच. स्तानिया."

थट्टा असेल असं वाटलं. नव्हती. तिचा नवरा ओग्नेन समजावणीच्या सुरात म्हणाला, "कूमा, बेलग्रेडात आता जुन्या नावांची चलती आहे. आमच्या ऑफिसात एकाची मुलगी स्तानियाच आहे. नाहीतर दुन्या म्हणून हाक मारली की अर्धी बालवाडी मागे वळते."

विचार करते म्हटलं. विचार कसला करायचा. देणार नाही.

४ सप्टेंबर

'स्तानी' म्हणजे थांब. बसला, कुत्र्याला, रस्त्याकडे धावणाऱ्या पोराला आम्ही हेच ओरडतो. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला स्तानिया म्हणायचे — पुरे, आता मुलगी नको. वर्गात आम्ही तीन स्तानिया होतो. तिघींच्याही वर नुसत्या बहिणी. दोघींच्या पाठीवर भाऊ झाला. लोक त्यांच्याकडे जरा मानाने बघत, जणू दिलेलं काम त्यांनी चोख केलं. मी घरातली चौथी मुलगी. माझ्या पाठीवर कोणीच नाही. "हिने मुलीही थांबवल्या आणि मुलगेही," घरच्या संताच्या सणाला काका दरवर्षी म्हणायचे. सगळं टेबल हसायचं. बाबाही.

कॉलेजात मी सांगायचे, हे अनास्तासियाचं छोटं रूप, अर्थ पुनरुत्थान. पाद्रीही तसंच सांगतात. त्यांच्या यादीत स्तानिया नावाची संत नाही, त्यांना काहीतरी सोय करायलाच हवी.

मग हे नाव संपलंच. कित्येक वर्षं मला ते फक्त थडग्यांवर भेटत होतं. परवा बागेत एका लहानशा टोपीवर विणलेलं दिसलं. त्या पोरीच्या आईला अर्थ विचारावा असं वाटलं. विचारला नाही.

९ सप्टेंबर

फोनवर वेरिका. "ठरलं का?"

"लेना कशी वाटते?"

"लेना माझी दातांची डॉक्टर आहे. दुसरं बघ."

१५ सप्टेंबर

गावी. आई अंगणात हिवाळ्यासाठी लाल ढब्बू मिरच्या भाजत होती. मी सोलायला बसले आणि वेरिकाचं सांगितलं.

"मग ठेव की," आई म्हणाली.

"बाबांनी माझं ठेवलं तसं? पुरे म्हणून?"

"बाबांनी? त्यांना कोण विचारत होतं? नाव कूम देतो."

हे मला ठाऊक आहे. गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याला बाळ धरणाऱ्या कूमने उच्चारलं की बापालाही बदलता येत नाही. फक्त माझ्या बाबतीत हे मला कधी सुचलं नव्हतं.

"कूम मिलिसावला आदल्या दिवशी मी गोठ्यामागे गाठलं," आई सांगू लागली. हात मिरचीवरच होते. "म्हटलं, स्तानिया म्हण. तो म्हणाला, मुलगा हवाय होय? म्हटलं, मला काही नकोय. सात वर्षांत चार. डॉक्टर बजावून दमला, पुढचं बाळंतपण झेपायचं नाही म्हणून. तुझ्या बापाला ऐकू येत नव्हतं. म्हटलं, चर्चमध्ये, कूमच्या तोंडून तरी ऐकू येईल."

"म्हणजे मुलींना—"

"मुलींना कशाला? त्याला. थांब म्हटलं ते त्याला."

बाळंतीण चर्चमध्ये जात नाही, म्हणून ती घरीच होती. माझी बहीण रूझाताई चर्चमधून नाव घेऊन धावत आली, पहिली आली म्हणून तिला साखरेचे खडे मिळाले. आणि आईने कपाळावर हात मारला. "असं काय बाई नाव दिलं, म्हटलं. तुझ्या बापानेच माझी समजूत घातली. कूमचा शब्द आहे, जाऊ दे, म्हणाला."

"आणि ते थांबले?"

"तुझ्यामागे कोणी दिसतंय का तुला? बघ, साली तशाच ठेवल्यास. लक्ष कुठंय?"

१६ सप्टेंबर

पंचेचाळीस वर्षं दुसऱ्याला मारलेल्या हाकेला मी ओ देत होते.

राग आला नाही. आईचा तर मुळीच नाही. रात्री गोठ्यामागच्या बाईचा विचार करत पडले. ती तेव्हा माझ्याहून कितीतरी लहान होती. काकांच्या विनोदावर ती कधी हसली होती का, हे आठवून पाहिलं. ती पाहुण्यांना जेवण वाढत असायची.

तरीही नाव देणार नाही. कोणालाही उद्देशून असो, हुकूमच तो. नव्या पोरीच्या गळ्यात कशाला?

२० सप्टेंबर

नेवेना. न कोमेजणारी. वेरिका रुसली, पण मानली. ओग्नेन म्हणाला, "ठीक आहे. बालवाडीत फार तर दोघी असतील."

२७ सप्टेंबर

आज सकाळी आली. दोन महिने आधी. दीड किलोसुद्धा नाही, काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत. वेरिकाला अजून उठू देत नाहीत. ओग्नेनने पाद्रींना दवाखान्यातच बोलावून आणलं. त्यांनी ओलं बोट तिच्या कपाळाला लावलं आणि नावासाठी माझ्याकडे पाहिलं. नेवेना अगदी ओठांवर होतं. पण ती निघाल्यासारखी दिसत होती.

मी म्हटलं, स्तानिया.