अक्काचे डोळे काळे नव्हते

प्रिय रशीदचाचा,

काल तुम्ही गेल्याचा चाळिसावा दिवस झाला आणि आज सकाळी नूरानबाईंचा मेसेज आला. तिकडं तुर्कस्तानात बसून त्या विचारतायत, लातूरच्या चपला दिसेनाशा का झाल्या? काय कळवू त्यांना? आपलं फोटोचं दुकान उघडून तुमच्या खुर्चीसमोर बसले आहे, आणि त्यांना लिहायचं सोडून तुम्हालाच लिहिते आहे.

चपला म्हणजे ट्यूशनच्या पोरांच्या. क्लासच्या जिन्याखालचा तो ढीग, होस्टेलच्या दोरीवर वाळणारे शर्ट, मेसचे डबे, पोह्यांची गाडी. रोज सकाळी एक फोटो काढून तुम्ही इंटरनेटवर टाकायचात. माणूस मात्र त्यात कधी नसायचा. फॉर्मला लावायचे पासपोर्ट फोटो सोडले तर तुम्ही चेहऱ्यावर कॅमेरा धरतच नव्हतात. लोकांना वाटायचं, म्हातारपणाचा चाळा. मला कारण ठाऊक होतं. ते आमच्याच भिंतीवर टांगलेलं होतं.

भूकंपानंतर ओळख पटावी म्हणून प्रेतांचे फोटो काढायला तुम्हाला आमच्याकडच्या गावांत नेलं होतं. पुढं तेच फोटो घेऊन लोक तुमच्या दुकानात येऊ लागले. घरंच गाडली गेली, तिथं जिवंतपणीचा फोटो कुठून उरणार? बारीक ब्रशनं तुम्ही मिटलेले डोळे उघडून द्यायचात. स्टुडिओवाल्यांची ती जुनीच रीत. माझी आईही आली, माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो घेऊन. मी तिचा पदर धरून उभी होते. अक्काला तुम्ही फार सुंदर डोळे काढलेत, काळेभोर.

अक्का घारी होती हो चाचा! अख्खं गाव तिला मांजरी म्हणून चिडवायचं.

आईनं तशीच ती फ्रेम पदरात गुंडाळून घरी आणली आणि खिळ्याला लावली. मी मोठी झाले, तुमच्याकडं फोटोचं टचिंग शिकायला आले. एका ईदला तुम्ही शीरखुर्म्याचा डबा घेऊन घरी आलात, आणि बोलता बोलता आईच्या तोंडून ते मांजरी निघून गेलं. तुम्ही भिंतीकडं पाहिलंत. पाणीसुद्धा न पिता उठलात, आणि दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन दारात उभे!

आईनं फ्रेम दिली नाही. "राहू द्या भाऊ. इतकी वर्षं हिच्याशीच बोलून राहिले. आता हीच माझी लेक हाय."

त्यानंतर तुम्ही ब्रश हातात धरला नाहीत. एवढी शिक्षा का करून घेतलीत स्वतःला? तुमच्या दारात रांग लागलेली होती, आणि रंग विचारला असतात तरी आई त्या दिवसांत कुणाशी बोलत होती? आणखी कितीजणांच्या भिंतीवर मी परके डोळे लावले, असं पुटपुटत बसायचात.

मग इंटरनेटवरच या नूरानबाई भेटल्या. त्यांच्या फोटोंत चहाचा चिमुकला ग्लास, खिडकीतली लिंबं, त्यांच्या आईच्या हातातलं विणकाम. तुमच्या चपलांच्या फोटोखाली त्यांनीच पहिल्यांदा लिहिलं, की आमच्याकडंही दाराबाहेरच काढतात. दोघंही फोनकडून भाषांतर करून घ्यायचात आणि त्यातले घोटाळे वाचून पोट धरून हसायचात. तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत, डोळे उघडण्याचंसुद्धा. मला मात्र वाटायचं, घरच्यांशी बोलायला जीभ उचलत नाही आणि परमुलखातल्या बाईला सगळं सांगतात.

आणि मग भूकंप त्यांच्याकडं झाला. त्यांचे फोटो थांबले. तुम्ही चपला टाकत राहिलात, रोज. कधीतरी उत्तर आलं, सोबत त्यांच्या आईचा फोटो. मिटलेले डोळे, केसांत माती. घर गेलं, फोन गेला, एवढा एकच फोटो आहे, हिचे डोळे उघडून द्याल का?

तुमचा ब्रश तर केव्हाच सुटला होता. मी म्हटलं, आणा इकडं, कॉम्प्युटरवर लगेच होतंय.

"रंग कोणता भरशील, बेटा?"

दुःखातल्या लेकीला ते विचारवेना. तुम्ही नूरानबाईंचे सगळे जुने फोटो एकेक करून उघडायला बसलात. कुठं म्हातारीचा हात, कुठं पाठ, कुठं नुसता रुमाल. जेवणसुद्धा विसरलात. शेवटी एका चहाच्या फोटोत, ग्लासाच्या मागं, कोपऱ्यात ती सापडली. मान वळवून लेकीकडं बघणारी, जिवंत. तेवढाच तुकडा मोठा करून तुम्ही मला दाखवलात.

"सुलू, हिचे बी घारेच हायत गं."

आणि रडलात. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी रडलात. मी काळे भरले असते चाचा, तुमच्यासारखेच.

तोच तुकडा तुम्ही पाठवलात. नूरानबाईंनी तो भिंतीवर लावल्याचा फोटो आला, समोर चहाचा भरलेला ग्लास. तुम्ही तो बघत बसलात आणि एवढंच म्हणालात की अक्काची फेड यानं होत नाही. होत नाही, खरंय. आता आईही गेली आणि ती काळ्या डोळ्यांची अक्का माझ्याकडं आहे. मी तिच्याशी बोलायला बघते, पण मला जमत नाही.

आता नूरानबाईंना तुमचा फोटो पाठवावा लागेल. माझ्याकडं एकच आहे, खुर्चीत डुलकी लागलेली असताना मी चोरून काढलेला. दुसऱ्यांचे डोळे उघडता उघडता स्वतःचा एक फोटो काढू दिला नाहीत, हे बरं केलंत का? तुमच्या डोळ्यांचा रंग मला पाठ आहे. तरी मी ते उघडणार नाही. आहेत तसे मिटलेलेच पाठवते.

आणि एक शब्द देते. उद्यापासून रोज सकाळी लातूरचा फोटो जाईल, पण नुसत्या चपलांचा नाही. त्या घालणाऱ्यांचा, मेसवाल्या मावशीचा, पोहेवाल्याचा, समोर बघणाऱ्या चेहऱ्यांचा. उद्या कुणाला शोधावं लागलं तर सापडावेत. सुरुवात आत्ता माझ्यापासूनच केली. पहिल्या दोन्ही वेळा पापणी लवली. मग तुम्ही गिऱ्हाइकांवर ओरडायचात तसं स्वतःलाच म्हटलं, "डोळं मिटू नको गं, बेटा."

तुमची,
सुलू